खोल मातीतला आवाज

१६ नोव्हेंबर १९९२. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, हॉक्सन गावच्या शेतात एरिक लॉज मेटल डिटेक्टर फिरवत होते, ओळखीच्या शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला. लागली ती रोमन नाणी. थोडी वर काढल्यावर त्यांनी हात आवरला आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी बाकीचं काढलं तेव्हा सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. लाकडी पेटी कुजून गेली होती, तरी आत काय कसं रचलं होतं ते मातीवरून कळलं. हातोडाही मिळाला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मातीतली अशी मांडणी एकदाच पाहायला मिळते. फावडं आडवंतिडवं चाललं की ती गेली. म्हणून वस्तू नेमकी कुठे आहे हे खणण्याआधी ठरवणं मला मेटल डिटेक्टर फिरवण्याच्या छंदातलं सर्वांत मोठं कसब वाटतं.

डिटेक्टरच्या कॉइलमधून दिशा बदलत वाहणाऱ्या विजेमुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याने धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्यांचं क्षीण क्षेत्र कॉइलमधली दुसरी तार टिपते. अडचण अंतराची आहे. लहान वस्तू कॉइलच्या मानाने दूर असेल, तर अंतर दुप्पट होताच जाणारं क्षेत्र साधारण आठवा हिस्सा उरतं. परत येणारंही तसंच घटतं. म्हणजे संकेत चौसष्टावा हिस्सा! त्यात मातीतल्या लोहखनिजांचा गोंगाट. आपल्याकडची बेसाल्टची काळी माती याबाबतीत फार त्रासदायक, म्हणून यंत्र आधी त्या जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं.

उथळ नाण्याचा आवाज तुटक, टोकदार येतो. खोल वस्तूचा मऊ, पसरट असतो. कॉइल वीतभर वर उचलून पाहावी. आवाज चटकन गळाला तर वस्तू लहान आणि वरच्या थरातली. बराचसा टिकला तर मोठी, बहुधा खोलवरची.

मग उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन फेऱ्या घ्यायच्या. दोन्ही रेषा छेदतात तिथे पिनपॉइंट बटण वापरायचं. एरवी कॉइल हलत असेल तरच यंत्र बोलतं, या पद्धतीत मात्र ती स्थिर असली तरी आवाज येतो आणि जवळ जाऊ तसा वाढतो. खोल वस्तूचा आवाज हातभर जागेत पसरलेला असतो, तो असा आवळायचा: आवाज विरू लागतो त्या कडेवर बटण सोडून पुन्हा दाबायचं. यंत्र तेवढ्या संकेतालाच शून्य मानतं आणि त्याहून बलवान जागाच ऐकू येते. दोनदा केलं की पसारा मुठीएवढा होतो. तिसऱ्यांदा करायचा मोह आवरावा, क्षीण संकेत पुसूनच जातो. बटण दाबताना कॉइलची उंची सारखी हवी, नाहीतर जमीनच बोलू लागते. शिवाय या पद्धतीत यंत्र लोखंड वगळत नाही, त्यामुळे शेजारचा गंजका खिळा मध्यबिंदू आपल्याकडे ओढून नेतो. शंका आली की पुन्हा साध्या पद्धतीने फेरी मारावी.

उतारावर अनेकजण फसतात. कॉइल जमिनीला समांतर असते, म्हणून संकेतही पृष्ठभागाला काटकोनात खालून येतो. सरळ उभं खणलं तर खोलीबरोबर चूक वाढत जाते. उभं रुतलेलं नाणंही असंच चकवतं. त्याचा सर्वांत मोठा आवाज बाजूला सरकलेला असतो.

मग गवताची चकती तीन बाजूंनी कापून उलटायची, माती कापडावर काढायची आणि दर थरानंतर खड्डा व ढीग दोन्हींवर कॉइल फिरवायची. आवाज ढिगात नसेल, तर हातातली पिनपॉइंटर कांडी खड्ड्याच्या तळाला आणि भिंतींना लावून पाहायची. इंग्लंडच्या शेतात नांगर साधारण पंचवीस-तीस सेंटिमीटर पोचतो. कांडी त्याखालच्या, रंग बदललेल्या मातीत बोलू लागली तर खुरपं बाजूला ठेवायचं, जागेची खूण करायची आणि १९९७ पासून चालू असलेल्या, सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद घेणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या अधिकाऱ्याला फोन लावायचा. आपल्याकडे १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं, तर कळवायचं ते कलेक्टरला.