एकटीने हजला जाताना

राळेगणसिद्धीसारख्या गावातील एखाद्या विधवा भगिनीचा पहिला परदेश प्रवास बहुधा हजचाच असतो. सोबत महरम नाही म्हणून अनेकींची ही तमन्ना मनातच राहिली. २०१८ च्या हजपासून हज कमिटीने ४५ वर्षांवरील स्त्रियांना, त्यांच्या मसलकात मुभा असल्यास, चौघींच्या गटाने महरमशिवाय जाऊ दिले. २०२३ पासून एकटीनेही अर्ज करता येतो. गट कमिटी जुळवते. त्या वर्षी अशा चार हजारांवर भगिनी गेल्या.

परवानगी मिळाली, तयारी मात्र घरच्यांनीच करून घ्यावी. अम्मीला फोन लावायला, औषधांची चिठ्ठी जपायला शिकवा. मुक्कामाच्या इमारतीचा क्रमांक वाचता यावा म्हणून अरबी अंक गिरवून घ्या. उर्दू वाचणारीलाही तिथले चार आणि पाच वेगळे दिसतात. गर्दीत वाट चुकली, तर मुलगा जवळ नसेल; हे अंकच तिला मुक्कामी पोहोचवतील.