नळदुर्गचा पूल आणि तोफेचं गाडं

नळदुर्गच्या उपल्या बुरुजावर चढलं की हाथी तोफ आणि मगर तोफ दिसतात. जुन्या काळी तोफ बुरुजावर बसायची, शत्रूनं तिच्यापुढं यायचं. तोफ हलवणं सोपं नव्हतं. परंड्याची मुलुखमैदान १६३२ साली विजापूरला गेली, ती हत्ती-बैलांच्या जोरावर. पुढं इंजिन आलं आणि तोफच गाड्यावर बसली.

असे गाडे आपल्या जिल्ह्यानं १३ सप्टेंबर १९४८ रोजी पाहिले. निजामाच्या राज्यात भारतीय फौज सोलापूरकडून शिरली. स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यावर ३७ मिलिमीटरची तोफ, तर तीस टनी शेरमनवर बहुधा ७५ मिलिमीटरची. तोफ फिरत्या मनोऱ्यात, जोडीला मशीनगन, खाली पोलादी पट्टे.

पण रणगाडा झाला तरी तो शेवटी गाडाच. भाद्रपदात आपल्या काळ्या रानात बैलगाडी रुतते, तिथं तीस टनांचं काय? म्हणून सगळी भिस्त सडकेवर आणि बोरी नदीच्या पुलावर. पूल उडवायची तयारी विरुद्ध बाजूनं केली होती. फौजेनं अचानक धडक मारून तो शाबूत ताब्यात घेतला.

इथंच दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग पडले. भरधाव येणाऱ्या दोन गाड्या त्यांच्या तुकडीनं पकडल्या. पुढं मशीनगनच्या मोर्चावर जाताना मांडीत गोळी लागली. तरी सरपटत जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकले आणि मोर्चा थंड केला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र (वर्ग १) मिळालं.

पूल हाती आल्यावर गाडे सकाळी ९ वाजता जळकोटात आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात पोचले. तुळजापुरात दोन तास लढाई झाली. लोहाऱ्याकडं जाणारी तुकडी मात्र नदीला पूर आल्यानं अडली. तोफेला जे जमलं नाही, ते पाण्यानं केलं! १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

रझाकारांच्या जुलमातून गावं सुटली, हे खरं. पण त्यानंतरच्या दिवसांत मुसलमान कुटुंबांवर झालेले अत्याचारही तितकेच खरे. सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा नोंदवला. तो अहवाल कितीतरी वर्षं बंदच राहिला.

त्या दिवशी दहा-बारा वर्षांची असलेली पोरं आज नव्वदीच्या घरात आहेत. सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी यांनी या सप्टेंबरात त्यांच्या ओसरीवर बसून ऐकावं आणि लिहून ठेवावं. दोन्हीकडचं लिहावं. बुरुजावरची तोफ उद्याही दिसेल. ही माणसं दिसणार नाहीत.