इंडेंटचे दात

‘डिमिट’ या इंग्रजी शब्दावरचा माझा लेख वाचून नागपूरच्या गांधीबाग कापडबाजारातल्या एका वाचकाने विचारले आहे : कापडाच्या जुन्या व्यवहारात ‘इंडेंट केला’ म्हणत, ती ऑर्डरच ना? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचा पुरावा शब्दाच्या पोटातच आहे. लॅटिनमधला ‘डेन्स’ आणि आपला ‘दंत’ ही सख्खी भावंडे. मध्ययुगीन इंग्लंडात एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहीत आणि मधोमध दातेरी कापून एकेक तुकडा दोघांना देत. पुढे वाद झाला की तुकडे जुळवायचे. दातात दात बसला तर दस्त खरा. हे असे कापणे म्हणजे ‘इंडेंट’ करणे. ‘इंडेंचर’ त्यातूनच आला. परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकते तो इंडेंटही त्याच घरचा. (मोटारीला पडणारा डेंट मात्र मुळात वेगळा, ठोशाच्या कुळातला.)

म्हणजे ऑर्डर एक जण सोडतो, इंडेंटमध्ये दोघे अडकतात. सरकारी कचेरीतून आजही बाजारातल्या दुकानदाराला ऑर्डर जाते, पण इंडेंट जातो तो आपल्याच भांडाराकडे, ज्याच्यावर पुरवठ्याची जबाबदारी आधीच आहे. ‘मागणीपत्र’ या प्रतिशब्दात मागणी तेवढी उरली, दात पडले. विलायती कापडाच्या धंद्यात तर माल बोटीवर चढण्याआधीच भाव, गाठी आणि माल उचलण्याची हमी ठरलेली असे. यावर कोणी म्हणेल, व्यापारी एवढा बारकावा पाळतात कुठे? सोयीचे नसेल तेव्हा इंडेंटही मोडतातच. मोडले, हे खरे. १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्या वर असलेला रुपया वर्षभरात दीड शिलिंगाच्याही खाली आला; चढ्या दराच्या हिशेबाने मागवलेला माल उचलायला आयातदारांनी ठिकठिकाणी नकार दिला. पण त्यावरून केवढा गहजब झाला! नुसती ऑर्डर असती तर रद्द झाली असती, विषय संपला असता. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने व्यापाऱ्यांना परदेशी व्यापारसंबंध ‘हळूहळू’ तोडायला सांगितले. हा ‘हळूहळू’ पुष्कळांना मवाळ वाटतो. मला त्यात व्यवहाराची जाण दिसते : नवा इंडेंट न करणे आपल्या हातात असते, समुद्रावर असलेल्या गाठींना मात्र आपली सही आधीच लागलेली असते.

मराठीने ‘इंडेंट’ हे इंग्रजी क्रियापद क्रियापद म्हणून घेतलेच नाही. नाम करून त्याला ‘करणे’, ‘पाठवणे’ जोडले. कचेरीत तो शब्द टिकला. गांधीबागेतून आज सुरत, भिवंडी, इचलकरंजीकडे जाते ती मात्र ऑर्डरच, फोनवर सांगितलेली आणि बिल्टी (माल रवाना झाल्याची पावती) फाटेपर्यंत बदलता येणारी.