तारीख आधी की तयारी आधी?

ओपन सोर्समध्ये नवी आवृत्ती कशी निघते

तारखेनुसार: दिवस ठरलेला असतो. तोवर जे तयार होत नाही, ते पुढच्या आवृत्तीत जातं.

तयारीनुसार: गंभीर दोष दूर झाल्याशिवाय आवृत्ती निघत नाही.

फ्रीज: या टप्प्यापासून नव्या सुविधा घेणं बंद होतं. फक्त दुरुस्त्या चालतात.

• लिनक्स कर्नल: साधारण 9 ते 10 आठवड्यांनी नवी आवृत्ती. पहिले 2 आठवडे 'मर्ज विंडो'. नव्या सुविधांचा कोड याच काळात घेतला जातो. पुढे बहुधा दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती येते: आरसी1, आरसी2... सहसा आरसी7 पर्यंत. दोष उरले, तर आरसी8 काढून आठवडा वाढवतात. खिडकी चुकलेल्या कामाला सुमारे दोन महिन्यांत पुन्हा संधी मिळते. घाईघाईत अर्धवट कोड घुसवण्याचं कारणच त्यामुळे उरत नाही.

• उबुंटू: दर एप्रिल आणि ऑक्टोबर. 24.04 म्हणजे 2024चा एप्रिल. 2006 साली मात्र दीर्घकालीन आधाराची पहिली डेस्कटॉप आवृत्ती नीट पारखून देण्यासाठी सहा आठवडे जास्त घेतले, 6.04 ऐवजी ती जूनमध्ये 6.06 म्हणून आली.

• डेबियन: तयार होईल तेव्हाच. 3.0 जुलै 2002ची, 3.1 थेट जून 2005ची. अलीकडे हे अंतर साधारण दोन वर्षांचं.

• पायथन: 2019पासून दर ऑक्टोबरला. मे महिन्यातल्या पहिल्या बीटानंतर नवी सुविधा नाही.

• फायरफॉक्स: 2011पासून सहा आठवड्यांचं चक्र, 2020पासून चार आठवड्यांचं.