चढत्या उन्हाचे द्राक्ष

गाणाऱ्याच्या घरातला माणूस द्राक्षमद्याविषयी लिहू लागला, की वाचक गालांतल्या गालांत हसणार, हे मी जाणून आहे. म्हणून आरंभीच सांगतो, की मी पिणारा नव्हे. माझे वडील दरबारी गवयांच्या अखेरच्या पिढीतले. १९४८ साली दरबार उठला तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते आणि गुरूंच्या मागे तंबोरा धरून बसत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. मैफलीच्या रात्री तबकांतून द्राक्षांचे घड कसे फिरत, हे ते रंगवून सांगत. पण गाण्याआधी त्यांना हात लावायचा नाही, असा गुरूंचा दंडक होता. तेव्हा आमच्या घरी द्राक्ष म्हणजे खाण्याची वस्तू, आणि तीही गाणे संपल्यावर.

ते द्राक्ष अर्थातच अनाबेशाही. मोठा लांबट मणी, फिकट पिवळसर हिरवा रंग, आत बी आणि भरपूर रस. अब्दुल बाकर खान यांनी १८९० च्या सुमारास ते हैदराबादेत आणले आणि पुढे ते साऱ्या दक्षिणेत पसरले. राजेंद्रनगरचे द्राक्ष संशोधन केंद्र आजही त्या परंपरेची आठवण देते. शहराभोवतीच्या कितीतरी बागा मात्र घरांखाली आणि रस्त्यांखाली गेल्या. पण हैदराबादी द्राक्षाची कीर्ती झाली ती पानात वाढायचे फळ म्हणून. उत्तम तांबडी वाइन म्हटले की लोक फ्रान्सातल्या बोर्दो आणि बर्गंडीचे नाव घेतात, किंवा अलीकडे आपल्या नाशिकचे. असे का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला बहिणीच्या घरच्या भांडणामुळे.

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर निफाड तालुक्यात. दाजींची तीन एकर काळी द्राक्षे आहेत, जात कॅबर्ने सोव्हिन्याँ, सगळी वाइनची. एके वर्षी ज्या कारखान्याशी बोली झाली होती त्याने माल उचललाच नाही. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. बाजारात त्याला कोण विचारतो? घड वेलीवरच सुकले. तेव्हापासून भाच्याचा धोशा, की हे सगळे उपटून खाण्याचे द्राक्ष लावू. दाजी ऐकेनात. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी तिकडे गेलो, तेव्हा बापलेकांत अबोला होता आणि बहीण दोघांची ताटे वेगवेगळ्या वेळी वाढीत होती.

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. काही वर्षी तिथला पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे दाजी मला बागेत घेऊन गेले. मफलरातून त्यांची वाफ तेवढी बाहेर येत होती. एक मणी तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"मास्तर, गिळू नका. आधी साल चावा, मग बी फोडा."

मी सांगितल्याप्रमाणे केले. रस गोड होता. साल चावताच हिरड्या आवळल्या. बी फोडली तर कडू.

"गोड आहे की दाजी! काढायला हरकत काय?"

"गोडीचं काय घेऊन बसलात! ती आपल्याकडं मागायच्या आधी येते. बी बघा, अजून हिरवी आहे. बी तपकिरी झाली, दाताखाली कुडुम वाजली, सालीचा तुरटपणा मऊ झाला, की मग फळ तयार. त्याला थंडी पाहिजे आणि सवड पाहिजे."

वाचकहो, सगळे रहस्य या 'सवड' शब्दात आहे. तांबड्या वाइनचा रंग रसात नसतो; तो सालीत असतो. म्हणून रस सालीसकट आंबवतात, आणि सालीतला रंग, सालबियांतले तुरट टॅनिन व सुगंध त्यात उतरतात. द्राक्षात एकाच वेळी तीन कामे चाललेली असतात. साखर वाढते, आंबटपणा घटतो आणि साल व बी पिकते. साखर भराभर भरते, आणि ऊन कडक असेल तर आंबटपणाही भराभर जातो, कारण द्राक्षातले मॅलिक आम्ल वेल उष्णतेत श्वसनासाठी जाळून टाकते. उष्मा पस्तीस अंशांच्या वर राहू लागला तर सालीतला रंगही नीट धरत नाही. सालबियांचे पिकणे मात्र आपल्याच चालीने चालते. लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखरेचा एक टक्का मद्यार्क होतो. तेव्हा साल पिकण्याची वाट पाहत बसावे तर वाइन जहाल आणि निस्तेज होते, आणि वाट न पाहावी तर कच्ची आणि करकरीत. कच्च्या कॅबर्नेला तर चक्क ढोबळ्या मिरचीचा वास येतो.

आता अक्षांशाकडे वळू. वाइनचे जुने नामांकित मुलूख बहुतेक तीस ते पन्नास अंशांच्या पट्ट्यात आहेत. बोर्दो पंचेचाळिसाव्या अंशाजवळ, बर्गंडी सत्तेचाळिसाव्या. तिथे हिवाळ्यात वेल पानें गाळून झोपते, वसंतात जागी होते. जूनमध्ये बोर्दोचा दिवस साडेपंधरा तासांचा असतो. प्रखर नव्हे, पण लांब. त्या उजेडावर पाने अन्न तयार करतात. मण्यांत पाणी उतरून ते रंगू लागतात ऑगस्टच्या आसपास, आणि त्यानंतरचा सगळा काळ निवत जाणारा असतो. सप्टेंबरात दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास, रात्री तेरा-चौदा. दिवसेंदिवस ऊन उतरत जाते आणि त्या उतरत्या उन्हात तिन्ही कामे जवळजवळ एकाच वेळी समेवर येतात.

याचा अर्थ नुसती थंडी हाच गुण, असा मात्र नव्हे. पट्ट्याच्या उत्तरेच्या टोकाला, पन्नासाव्या अंशापलीकडे, जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पिनो न्वार हे काळे द्राक्ष होते, ते पाटीच्या दगडाच्या उतारांवर. तो दगड दिवसभराची ऊब साठवतो म्हणून. तिथल्या बागाइतदाराची चिंता दाजींच्या अगदी उलट: फळ पिकेल तरी ना? तात्पर्य, उत्तम तांबडी वाइन होते ती फळ जेमतेम पिकेल अशा हद्दीवर, जिथे त्याला घाई करता येत नाही.

आपला मुलूख विसाव्या अंशावर. इथे वेल झोपतच नाही. म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, आणि पावसाळ्याच्या अखेरीस फळासाठी गोडी छाटणी. त्यामुळे पीक उन्हाळ्यात न येता हिवाळ्यात येते. म्हणजे अक्षांशाने नाकारलेली थंडी आपण पंचांगातून मिळवली. हैदराबादेची आणि नाशिकची उंची फारशी वेगळी नाही. दोन्हीकडे जानेवारीची दुपार अठ्ठावीस-एकोणतीस अंशांची. फरक रात्रीचा. आपल्याकडे रात्र पंधरा अंशांच्या आसपास थांबते, नाशिककडे ती दहापर्यंत उतरते. मॅलिक आम्ल वाचते ते त्या पाच अंशांत.

पण एक उणे राहतेच. नाशिकला डिसेंबरचा दिवस अकरा तासांचाच असतो. आणि मुख्य म्हणजे ऋतूची दिशा उलटी. फेब्रुवारीत एकतीस अंश, मार्चमध्ये पस्तीस. फळ पिकायच्या ऐन वेळी ऊन चढत जाते. १९४४ साली कॅलिफोर्नियात अमेरिन आणि विंकलर या शास्त्रज्ञांनी दहा अंशांवरच्या उष्णतेची हंगामभर बेरीज करून मुलखांचे पाच वर्ग पाडले. ती बेरीज फार उपयोगी आहे. परंतु बेरजेत क्रम दिसत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. चलन निराळे म्हणून राग निराळे. बोर्दोचे द्राक्ष अवरोहात पिकते, आपले आरोहात.

हे ध्यानात घेतले, की आपल्याकडच्या वाइनचा इतिहासही उलगडतो. शामराव चौगुले यांनी नारायणगावला १९८० च्या दशकात नाव मिळवले ते फेसाळत्या वाइनवर. नाशिकला सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली आली, तीही सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या पांढऱ्या जातींच्या जोरावर. पांढऱ्या वाइनला साल लागत नाही. आंबटपणा शाबूत असताना फळ लवकर काढले तरी चालते. तांबडीसाठी मग कोणी उन्हाला सोसणारी शिराझ जात धरली, कोणी उंची गाठली. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उष्णता उतरते. बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर यांनी तेच साधले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ, जवळजवळ आपल्या हैदराबादच्याच अक्षांशावर, मोहिते-पाटलांनी इटालियन भागीदारांसह २००७ साली फ्रातेल्लीची स्थापना केली आणि तिथे तोस्कानाची सांजोव्हेसे जात रुजवली. तेव्हा अक्षांश हा काही ललाटलेख नव्हे. पण त्याच्याशी रोज भांडावे मात्र लागते.

भाच्याने एकदा दोन पेले पुढे ठेवले, एक नाशिकचा, एक बोर्दोचा. वडिलांची मनोमन क्षमा मागून मी दोन्हींचा एकेक घोट घेतला. नाशिकची वाइन पिकल्या जांभळासारखी, मोकळी, घशाशी ऊब देणारी, आणि लगेच ओसरणारी. बोर्दोची आधी आंबट वाटली, रुसल्यासारखी. पण घोट गेल्यावरही ती जिभेवर बराच वेळ रेंगाळली. मला दोन्हींत दोष काढता येईना. पण दुसरीत जी सवड होती, ती पहिलीत नव्हती.

अर्थात त्या सवडीलाही आता ओहोटी लागली आहे. बर्गंडीतल्या बोन गावी १३५४ सालापासून द्राक्षतोडीच्या तारखांच्या नोंदी आहेत. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होई. १९८८ पासूनच्या तीस वर्षांत ती तेरा दिवस अलीकडे आली. तिथलाही हंगाम उन्हाच्या तोंडात सरकतो आहे. साखर पुढे आणि साल मागे, ही दाजींची तक्रार आता फ्रान्सातही ऐकू येते.

मग दाजींच्या हाती काय उरते? छाटणीची तारीख. खाण्याच्या द्राक्षासारखी ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी केली, तर फळ मार्चच्या उन्हात सापडते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात केली, तर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडी सरण्याआधी पिकते. पण सप्टेंबरात पाऊस गेलेला नसतो; कोवळ्या फुटीवर केवडा रोग पडला की चार दिवसांत बाग जाते. औषधांचा खर्च वेगळाच. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या अवकाळी पावसाने नाशिकच्या बागांची काय दशा केली, ती भाचा विसरलेला नाही. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, आणि दाजींची ओढही खोटी नव्हती. मला वाटते, त्या बागेत शेतकरी आपला अक्षांश स्वतः निवडतो, आणि चुकला तर किंमतही स्वतःच मोजतो.

अखेर बहिणीने तोड काढली. दीड एकर उपटायचे, दीड ठेवायचे. ठेवलेल्याची छाटणी सप्टेंबरात, आणि फवारणी भाच्याने स्वतः पाहायची. गेल्या सप्टेंबरात नाशिककडे पाऊस लागला, की मी इथे शिकवणीत बसून बेचैन होई. मुली ख्याल घोटत आणि माझे कान टेलिफोनकडे.

फेब्रुवारीत गेलो. बाग वाचली होती. एका कडेचे घड गेले होते, बाकीचे होते. पहाटे मला बागेत न्यायला या वेळी दाजी नव्हे, भाचा आला. एक मणी तोडून हातावर ठेवीत म्हणाला, "मामा, आधी साल चावा."

साल तुरट होती, पण मऊ. बी तपकिरी होती, आणि दाताखाली कुडुम वाजली. घरी परतलो तेव्हा बहिणीने दोघांची ताटे शेजारीशेजारी मांडली होती.