सोळापैकी पंधरा : एका मोटारसंघाच्या वर्चस्वाचा वाद

श्रोतेहो, खेळात एकच पक्ष सारखा जिंकू लागला की पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "शाबास! याला म्हणतात कसब." दुसरा म्हणतो, "निकाल आधीच ठाऊक, मग शर्यत कसली?" मोटारींच्या शर्यतींचे शौकीन असाच एक वाद पस्तीसहून अधिक वर्षे घालीत आले आहेत. तो वाद आहे १९८८ सालच्या फॉर्म्युला वन शर्यतींचा. दोन्ही बाजू आज तुमच्यापुढे ठेवतो. निवाडा तुम्ही करा.

फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावरच्या मोटारीसारखी नसते. तिला छप्पर नाही, चारही चाके उघडी, आणि जागा एकट्या चालकापुरती. निरनिराळ्या देशांत वर्षभर शर्यती होतात व प्रत्येक शर्यतीत गुण मिळतात. त्या काळी पहिल्या सहा जणांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ आणि १ असे गुण मिळत. वर्षाअखेरीस एक विजेतेपद चालकाला आणि दुसरे गाडी बांधणाऱ्या संघाला.

१९८८ साली सोळा शर्यती झाल्या. त्यांतल्या पंधरा मॅक्लारेन या एकाच संघाने जिंकल्या. ब्राझीलच्या आयर्टन सेनाने आठ, फ्रान्सच्या अलँ प्रोस्तने सात. मॅक्लारेनचे गुण झाले १९९ आणि दुसऱ्या आलेल्या फेरारीचे ६५. म्हणजे तिपटीहून जास्त! हे झाले कसे?

पहिला पक्ष सांगतो, "सगळी करामत इंजिनाची." मॅक्लारेनच्या गाडीत जपानच्या होंडा कंपनीचे टर्बो इंजिन होते. टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो आणि ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. लोहाराच्या भात्याने जसा विस्तव फुलतो, तसा जास्त हवेने इंजिनाचा जोर वाढतो. १९८९ पासून टर्बोवर बंदी येणार होती. तोवर १९८८ साठी नियम कडक केले गेले. हवेचा दाब चारवरून अडीच बारवर आणला आणि टर्बो गाडीला शर्यतीपुरते इंधन १९५ लिटरवरून १५० लिटर केले. साध्या इंजिनाला इंधनाची मर्यादा नव्हती. पुष्कळ संघ साध्या इंजिनाकडे वळले. होंडा आणि मॅक्लारेन यांनी मात्र त्या एका वर्षासाठीही कसून तयारी केली. थोड्या इंधनात जोर टिकवणारे इंजिन आणि चालक जवळजवळ आडवा होऊन बसेल अशी ठेंगणी गाडी त्यांनी सिद्ध केली. या गाडीचे श्रेय स्टीव्ह निकोल्स यांचे की गॉर्डन मरी यांचे, हा आणखी एक वाद आहेच!

पण इंजिनच सर्व काही असते, तर लोटस संघही जिंकायला हवा होता. त्यांच्याकडेही होंडाचेच इंजिन होते आणि चालक होता १९८७ चा विश्वविजेता नेल्सन पिके. तरी लोटसला एकही शर्यत जिंकता आली नाही. सारे मिळून गुण २३.

दुसरा पक्ष म्हणतो, "प्रतिस्पर्धीच दुबळे होते." यातही तथ्य आहे. विल्यम्स संघाने होंडाच्या बळावर १९८६ व १९८७ मध्ये संघांचे विजेतेपद मिळवले होते. १९८८ साली होंडा त्यांना सोडून गेली आणि त्यांना साध्या इंजिनावर भागवावे लागले.

तिसरा पक्ष चालकांकडे बोट दाखवतो. बैलगाडीच्या शर्यतीनंतरही पारावर हीच चर्चा रंगते ना, की जिंकले कोण, बैल की हाकणारा? सेना आणि प्रोस्त हे दोघेही अव्वल. गाडी एकच, म्हणून खरी झुंज त्यांच्यातच. मोनॅकोला सेना खूप पुढे असता कठड्यावर आदळला आणि प्रोस्त जिंकला. जपानमधल्या सुझुका येथे सुरुवातीलाच सेनाचे इंजिन बंद पडले व तो चौदाव्या क्रमांकावर गेला. तिथून एकेकाला मागे टाकत त्याने शर्यत जिंकली आणि विश्वविजेतेपदही!

हुकलेली एकच शर्यत इटलीतील माँझाची. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचे १४ ऑगस्ट १९८८ रोजी निधन झाले होते. त्यानंतर महिन्याच्या आतच ही शर्यत होती. प्रोस्तचे इंजिन बिघडले. सेना अगदी शेवटच्या टप्प्यात, मागे पडलेल्या एका गाडीला ओलांडताना, तिच्यावर आदळला. फेरारीचे बर्गर आणि आल्बोरेतो पहिले व दुसरे आले. स्वतःच्या भूमीवर, धनी गेल्याच्या दुःखात! इटलीच्या प्रेक्षकांना काय वाटले असेल, ते सांगायला नको.

आता शिक्षकबंधुभगिनींसाठी एक गणित. प्रोस्त सात वेळा पहिला आणि सात वेळा दुसरा आला. ६३ आणि ४२ मिळून १०५ गुण. सेनाचे आठ पहिले, तीन दुसरे, एक चौथा व एक सहावा क्रमांक. एकूण ९४. मग जगज्जेता सेना कसा? कारण नियमाप्रमाणे फक्त उत्तम अकरा निकाल मोजायचे. मुलांना फळ्यावर मांडायला लावा. सेनाचे होतात ९० आणि प्रोस्तचे ८७. सातत्य मोठे की विजय मोठा? नियमाने विजयाला झुकते माप दिले. ते रास्त होते का, यावर वर्गात दोन गट पाडून खुशाल चर्चा घडवा.

१९८८ चा हा विक्रम २०२३ साली मोडला. रेड बुल संघाने बावीसपैकी एकवीस शर्यती जिंकल्या. उरलेली एक, सिंगापूरची, पुन्हा फेरारीनेच नेली! पण त्या एकवीसपैकी एकोणीस एकट्या मॅक्स व्हर्स्टापेनच्या. म्हणून जुने शौकीन म्हणतात की आमच्या वेळी संघ एक होता, पण शर्यत दोघांची होती.

मला यात एवढे दिसते की एकट्या इंजिनाने किंवा एकट्या चालकाने पंधरा विजय मिळत नाहीत. यंत्र, योजना, माणसे आणि थोडे नशीब यांची सांगड घालावी लागते. एकतर्फी निकाल पाहून कंटाळणारा कंटाळो, जो "का?" असे विचारतो, त्याला त्याच निकालात शिकण्यासारखे पुष्कळ सापडते.