ध्वनिमुद्रिकेचा खरा आवाज

पुष्कळ घरांच्या माळ्यावर जुन्या ध्वनिमुद्रिका जपून ठेवलेल्या असतात. आमच्या घरींही वडिलांच्या कांहीं लाँगप्ले तबकड्या आहेत. गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं एक टर्नटेबल साध्या अँप्लिफायरला जोडलें, तेव्हां गाणें कुजबुजल्यासारखें ऐकूं आलें. म्हणून शंभरपट वर्धन करणारें एक विद्युन्मंडल घरींच जुळविलें. आवाज मोठा झाला खरा; पण तबला पत्र्याचा वाटे आणि गळा किरटा. वडील इतकेंच म्हणाले, “हा तो आवाज नव्हे.” चूक शोधतांना जें कळलें, तें विद्यार्थिमित्रांपुढें ठेवितों.

तबकडीच्या नागमोडी खोबणींतून सुई फिरली कीं कार्ट्रिजमधील इवलासा लोहचुंबक हालतो आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. तिचा दाब जेमतेम 5 मिलिव्होल्ट असतो. अँप्लिफायरला मात्र त्याच्या पन्नास ते शंभरपट लागतो. ही पहिली अडचण. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. खर्जाचे स्वर पूर्ण जोरानें कोरले, तर खोबण इतकी रुंद वळेल कीं ती शेजारच्या खोबणीस भिडेल. आणि अतितार स्वर तसेच ठेवले, तर ते तबकडीच्या खरखरींत बुडतील. यास्तव कोरतांनाच खर्ज दाबतात व तार स्वर उचलतात. अमेरिकेंतील आर. आय. ए. ए. या संस्थेनें 1954 सालीं त्याचें प्रमाण ठरविलें. ऐकतांना नेमकें उलट करावें लागतें. सेकंदास 1,000 कंपनांच्या स्वराशीं तुलना करतां 20 कंपनांचा स्वर सुमारें नऊपट वाढवावा आणि 20,000 कंपनांचा सुमारें दहावा हिस्सा करावा. माझ्या मंडलांत ही दुरुस्तीच नव्हती!

ती करतात रेझिस्टर व कपॅसिटर यांच्या जोड्या. प्रमाणांत 3,180, 318 आणि 75 मायक्रोसेकंद असे तीन कालांक आहेत. रोध व धारिता यांचा गुणाकार म्हणजे कालांक. 7,500 ओहम आणि 10 नॅनोफॅरड यांचा गुणाकार 75 मायक्रोसेकंद येतो, हें पडताळून पाहावें. मात्र पूर्ण मंडलांत या जोड्या एकमेकींवर परिणाम करितात. म्हणून नवशिक्यानें सिद्ध आराखडाच घ्यावा.

एन. ई. 5532 या एकाच आय. सी. मध्यें दोन वर्धक असतात. डाव्या-उजव्या बाजूंस ते पुरतात. प्रवेशद्वारीं 47,000 ओहमचा रेझिस्टर घालावा. 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या वापरल्यास घरच्या विजेचा धोका राहत नाहीं व तिची घरघरही कमी शिरते. सर्व मंडल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, पत्र्याला कोठें टेंकणार नाहीं असें बसवावें. मंडलाचा भूबिंदु आणि टर्नटेबलची भूतार मात्र त्या डब्याला जोडावी.

78 फेऱ्यांच्या तबकड्यांची गोष्ट निराळी. त्यांची खोबण रुंद, त्यांस जाड सुई लागते. आणि कोरण्याचें प्रमाणही कंपनीगणिक वेगळें असे. लाँगप्लेच्या सुईनें त्या वाजवूं नयेत.

दुसरें मंडल पुरें झालें, त्या संध्याकाळीं तीच तबकडी पुन्हां लावली. वडिलांनीं ती शेवटपर्यंत ऐकली, आणि दुसरी बाजू लावावयास सांगितलें.